कवितेचा गृहपाठ तोंडी असावा

ऐरोलीला माझ्या घरी संध्याकाळी सहावी ते आठवीची काही मुले मराठीच्या अभ्यासाला येतात. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीने कवितेच्या प्रश्नोत्तरांची वही माझ्यापुढे ठेवली. शाळेने एकाच कवितेवर चौदा प्रश्न दिले होते आणि चाचणीसाठी तिने चौदाही उत्तरे सुवाच्य अक्षरात लिहून पाठ केली होती. ‘या कवितेतून कवीने निसर्ग आणि मानव यांचे अतूट नाते व्यक्त केले आहे’ हे वाक्य ती डोळे मिटून म्हणत होती. मी म्हटले, “आता कविता म्हण.” पहिल्या दोन ओळी तिने म्हटल्या, तिसरीला अडखळली आणि मग अगदी सरळपणे म्हणाली, “काकू, कविता पाठ नाही करायची, फक्त उत्तरं करायची आहेत.”

त्या मुलीचा यात काही दोष नाही. तिला जे सांगितले ते तिने मनापासून केले होते. ज्या कवितेबद्दल ती चौदा उत्तरे देऊ शकत होती ती कविता तिने एकदाही मोठ्याने वाचलेली नव्हती, आणि घरात इतर कोणाच्या कानांवरही ती पडलेली नव्हती. हे एका मुलीचे किंवा एका शाळेचे चित्र असते तर मी लिहायला बसले नसते. माझ्याकडे वेगवेगळ्या शाळांतली, वेगवेगळ्या माध्यमांतली मुले येतात आणि त्यांच्या वह्या थोड्याफार फरकाने अशाच असतात. म्हणून मला वाटते ते स्पष्ट मांडते. सहावी ते आठवीच्या मुलांना कवितेचा लेखी गृहपाठ देऊच नये. घरी करायचा कवितेचा अभ्यास तोंडी असावा. कविता मोठ्याने वाचणे, घरातल्या कोणाला तरी ऐकवणे आणि ऐकवता ऐकवता ती पाठ होऊ देणे, एवढाच असावा. प्रश्नोत्तरे वर्गात शिक्षकांसमोर, चर्चा झाल्यावर लिहावीत. त्यांनी घर अडवू नये.

हे मी याच तीन वर्षांसाठी का म्हणते, त्याला कारण आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला आहे. मुले तेव्हा साधारण अकरा ते चौदा वर्षांची असतात. त्याआधी बडबडगीते आणि बालगीते हावभावांसह म्हणून होतात, तिथे मुलाला कविता अंगात भिनवून घ्यावी लागत नाही, ती आपोआप भिनते. त्यानंतर नववी-दहावीला कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका, समोर उभी राहते. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेविषयी मुद्दे देऊन माहिती लिहायला सांगतात: कवी कोण, विषय कोणता, दिलेल्या ओळींचा सरळ अर्थ काय, संदेश कोणता आणि कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण काय. शेवटचा मुद्दा ज्यांनी घातला त्यांचा हेतू फार चांगला आहे. मुलाने स्वतःचे मत द्यावे म्हणून त्यांनी ती जागा मोकळी ठेवली. पण कविता का आवडली याचेही उत्तर गाइडमध्ये छापून येते आणि मुले तेही पाठ करतात. स्वतःची आवड दुसऱ्याच्या शब्दांत घोकण्याची वेळ मुलांवर येते याचे मला खरोखर वाईट वाटते. आणि दहावीत जाऊन हे सुधारता येत नाही. ज्या मुलाच्या कानांत मधल्या तीन वर्षांत तीस-चाळीस कविता साठल्या असतील, त्यालाच ‘ही मला आवडली, ती नाही आवडली’ असे म्हणता येईल. तुलनेला काही हाताशी असल्याशिवाय आवड तयार होत नाही.

पाठांतर म्हटले की अनेक सुजाण पालक कपाळाला आठ्या घालतात. घोकंपट्टीविरुद्ध गेली कित्येक वर्षे आपण बोलत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. पण घोकंपट्टी आणि पाठांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका दावणीला बांधल्यामुळे आपण उलटेच करून बसलो. ज्या उत्तराला मुलाने स्वतः विचार करून पोचायला हवे ते उत्तर पाठ होते, आणि पाठ होण्यासाठीच रचली गेलेली कविता पाठ होत नाही. रचली गेलेली हा शब्द मी मुद्दाम वापरते. मराठी कवितेचा फार मोठा भाग कागदावर उतरण्याआधी तोंडातून कानात गेलेला आहे. जात्यावरच्या ओव्या कोणी वहीत लिहून दळायला बसले नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी घरकाम आणि शेतकाम करता करता रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली निघाला. त्या गाण्यांवर ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ असा प्रश्न देणे आणि मुलाने ती एकदाही मोठ्याने न म्हणणे, ही त्या गाण्यांना दिलेली चुकीची वागणूक आहे.

कविता पाठ का होते हेही मुलांना दाखवता येते, आणि ते घरीच उत्तम दाखवता येते, कारण घरी बोटे मोजायला आणि टाळी वाजवायला मोकळीक असते. तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवूनिया’ हा अभंग ज्या घरात कोणालाच येत नाही असे मराठी घर आमच्या बाजूला सहसा सापडणार नाही. मी मुलांना त्याची अक्षरे बोटांवर मोजायला लावते. ‘सुंदर ते ध्यान’ सहा, ‘उभे विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा आणि ‘ठेवूनिया’ चार. मोजून झाल्यावर मुले पुन्हा मोजतात, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. मग विटेवरी आणि कटावरी यांचे यमक त्यांना स्वतःलाच सापडते आणि शेवटचा चरण आखूड का, तर तिथे श्वास घ्यायला आणि टाळ वाजवायला जागा हवी, हेही कोणीतरी बोलून दाखवते. मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्त असेच टाळीवर सापडते: एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा, बारा अक्षरे. ज्या मुलाच्या घरी आजोबा रोज संध्याकाळी हे श्लोक म्हणतात त्याला ‘यमाताराजभानसलगा’ हे लघु-गुरूंचे सूत्र पुढे व्याकरणात भेटते तेव्हा ते ओळखीचे वाटते. ज्याने फक्त सूत्र पाहिले त्याच्यासाठी ते गणितासारखे कोरडे राहते.

अर्थ मग कधी सांगायचा, असा प्रश्न शिक्षक आणि पालक दोघेही विचारतात. माझा अनुभव असा की पहिले दोन-तीन दिवस अर्थ सांगूच नये. अडलेला शब्द मुलाने विचारला तर सांगावा, पण ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हे वाक्य उच्चारू नये. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता मी दरवर्षी मुलांना देते, ती त्यांच्या पाठ्यपुस्तकात असो वा नसो. घरी तीन दिवस मोठ्याने वाचून या, एवढेच सांगते. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी जे घडले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

पहिल्यांदा एक मुलगा म्हणाला की यात शुद्धलेखनाची चूक आहे, ‘बेटाबेटांतुन’मध्ये ‘तु’ ऱ्हस्व आहे आणि तो दीर्घ हवा. मी त्याला ओळ दीर्घ उकाराने म्हणायला लावली. त्याने म्हटली, जीभ अडली, पुन्हा ऱ्हस्व म्हणून पाहिली आणि गप्प झाला, मग म्हणाला, “दीर्घ केलं की ओळ लांबते.” मराठी लेखनाच्या नियमांतही कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिली आहे हे मी त्याला नंतर सांगितले, पण नियमाचे कारण त्याच्या जिभेला आधी कळले होते. दुसऱ्या एका मुलीने रंग मोजून आणले होते: हिरवाळी, हिरवी, हिरव्या, म्हणजे हिरवा तीनदा, निळासावळा एकदा, पांढरी पायवाट एकदा, आणि शेवटी काळा डोह आणि काळिमा. “वर सगळं हिरवं आहे आणि खाली जाता जाता काळं होतं,” असे ती म्हणाली. कवितेची सगळी उतरण, झऱ्यापासून डोहापर्यंतची, तिने अकराव्या वर्षी एका वाक्यात पकडली. काळिमा गोड कसा असेल, यावर दोघांचे चांगलेच वाजले. आणि शेवटची ओळ आली: ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. तेव्हा आतापर्यंत न बोललेल्या एका मुलाने विचारले, “असला म्हणजे कसला?”

त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही, आणि मीही ते त्याला दिले नाही. तो आमच्या खाडीजवळच्या दिवागावातला मुलगा. थोडा विचार करून तो म्हणाला, की भरतीच्या वेळी खाडीत तिवरे उभी असतात तसे हे झाड पाण्यात पाय सोडून बसले असेल, पण तिवरे उभी असतात आणि हा बसलाय, म्हणजे हा म्हातारा असेल. दुसऱ्याने लगेच दत्ताच्या देवळामागच्या औदुंबराची आठवण काढली. तिथे पार आहे, पाणी नाही, म्हणून तो असला नव्हे. त्या संध्याकाळी पाऊण तास एका शब्दावर गेला. त्यांनी वहीत काहीही लिहिले नाही. पण त्या मुलांपैकी कोणालाही आज विचारले तर आठ ओळी घडाघडा म्हणून दाखवील, आणि दिवागावचा मुलगा ‘असला’ या शब्दावर किंचित थांबतो, हे मी नंतरही पाहिले आहे.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप माझ्या शेजाऱ्यांचाच आहे: ऐकणार कोण? ठाणे-नवी मुंबईतले आई-वडील सकाळी साडेसातची गाडी पकडतात आणि रात्री साडेआठला घरी येतात. मग स्वयंपाक, जेवण आणि झोप. हा आक्षेप खोटा नाही. पण लेखी गृहपाठाने यातले काही सुटत नाही, उलट रात्री नऊ वाजता दमलेली आई गाइडमधून उत्तरे सांगते आणि मूल उतरवून घेते, यात अर्धा तास जातो. आठ ओळींची कविता ऐकायला एक मिनिट पुरते. आई पोळ्या लाटत असताना ती ऐकता येते. माझ्याकडची एक मुलगी कविता आवाज मुद्रित करून आईच्या मोबाइलवर पाठवते. आई ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसली की ती ऐकते आणि घरी आल्यावर तिसऱ्या ओळीत एक शब्द गाळलास, असे सांगते. या आईने मराठीत कोणतीही परीक्षा दिलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२०च्या कायद्यानुसार राज्यातल्या सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे झाले. वाशी, नेरूळ, घोडबंदर रस्ता इथल्या असंख्य घरांत तमिळ, मल्याळम, गुजराती, हिंदी बोलली जाते. तिथे मराठी कविता कोण ऐकणार? मला वाटते, या घरांना तर लेखी गृहपाठाचा काडीचाही उपयोग नाही. जी भाषा घरात कोणाला येत नाही तिच्यातली उत्तरे उतरवून काढणे म्हणजे चित्रे काढण्यासारखे आहे. आवाज मात्र ऐकता येतो. नेरूळच्या एका मल्याळी कुटुंबातला मुलगा माझ्याकडे येतो. त्याच्या आजीला मराठी समजत नाही, पण केरळात अक्षरश्लोकम् नावाचा श्लोक म्हणण्याचा खेळ आहे, आपल्या भेंड्यांसारखा, आणि आजी तो लहानपणी खेळलेली आहे. नातू मराठी कविता म्हणू लागला की ती मांडीवर ताल धरते आणि ताल चुकला की त्याला थांबवते. तिचे थांबवणे बहुतेक वेळा बरोबर असते, कारण तिथे त्याने खरोखरच एखादी मात्रा खाल्लेली असते. सक्तीच्या विषयाविषयी घरात जी कटुता येते ती कमी करायला यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा: शिकलेल्या घरातली मुले कविता छान म्हणतील, बाकीची मागे पडतील. मला नेमके याच्या उलट दिसते. लेखी प्रश्नोत्तरांत शिकलेल्या घराचा फायदा उघड आहे. तिथे गाइड आहे, शिकवणी आहे, उत्तर सांगणारा बाप आहे. तोंडी परंपरेत मात्र ज्या घरांना आपण अडाणी म्हणतो ती घरे श्रीमंत निघतात. घणसोलीतल्या एका मुलीला शाळेत मराठी कच्चे म्हणून माझ्याकडे पाठवले होते, कारण ती ‘पानी’ लिहायची आणि बोलताना ‘ळ’चा ‘ल’ करायची. तिची आजी धवलारीण आहे. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, आणि एकेका विधीचे धवले असे असतात की सगळे म्हणायचे तर रात्र सरेल. मराठीतल्या आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव अभ्यासक्रमात घेतो त्या महदाइसेने तेराव्या शतकात रचलेली रचनाही धवळेच आहे, आणि तीही लग्नाचीच, रुक्मिणी आणि कृष्णाच्या. सातशे वर्षांपूर्वीचा हा काव्यप्रकार या मुलीच्या ओटीवर आजही चालू आहे, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर मराठीपुढे ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा आहे. प्रमाण मराठी तिने शिकायलाच हवी, त्यात सवलत मागण्याचा माझा हेतू नाही. पण कवितेचा गृहपाठ तोंडी असता तर निदान एका विषयात ती वर्गाला काही देऊ शकली असती.

गुणांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आपल्याकडे २०१० पासून आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या आठ साधनांत दैनंदिन निरीक्षणानंतर ‘तोंडीकाम’ हेच साधन येते. म्हणजे कायद्याची, नव्या परिपत्रकाची किंवा मंडळाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. कविता म्हणून दाखवणे, अडल्यावर पुन्हा सुरू करणे, एखाद्या ओळीवर का थांबलो ते सांगणे, याला शिक्षक आज गुण देऊ शकतात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग असेल तर सगळ्यांना ऐकायला वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण मी मान्य करते. पण साठ वह्यांतली तीच चौदा उत्तरे तपासायला लागणारे तास मोजले, तर रोज पाच मुलांना मिनिटभर ऐकणे त्याहून सोपे पडते. शिवाय वर्ग ऐकतो, आणि ऐकणाऱ्याची कविताही पक्की होते.

आमच्यासारख्या शिकवण्या घेणाऱ्यांनीही एक पथ्य पाळायला हवे. उत्तरे लिहून देणे बंद केले पाहिजे. पालक विचारतात, वहीत काही दिसत नाही, मग तुम्ही शिकवता काय? मी त्यांना मुलाकडून कविता ऐकायला सांगते. एक-दोघांनी मुलांना काढून घेतले. बाकीचे ऐकू लागले. आणि ज्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरच्या कविता हव्यात त्यांच्यासाठी ठाण्यात १८५० सालचे नगर वाचन मंदिर आहे, १८९३ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे; ऐरोलीहून ठाणे फार लांब नाही. मुलाला कपाटापुढे उभे करून एक पातळ कवितासंग्रह त्यालाच निवडू द्यावा. तो त्याने अर्धवट वाचला तरी चालेल.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा जाडजूड स्वाध्याय देतात. यंदा मी माझ्याकडच्या मुलांना वेगळे सांगितले: घरात किंवा शेजारात ज्याला एखादी कविता, ओवी, अभंग, धवला, कोणत्याही भाषेतले काही पाठ येते त्याच्याकडून ते ऐका, शिका आणि येऊन म्हणून दाखवा. लिहिलेच पाहिजे असे नाही. घणसोलीची मुलगी मात्र लिहून घेऊन आली. आजीने म्हटलेला हळदीचा धवला, जसा म्हटला तसा, ‘ल’ला ‘ळ’ न करता. मधल्या दोन ओळींच्या जागा तिने कोऱ्या सोडल्या होत्या. आजीला त्या आठवल्या नाहीत, म्हणाली, गोठिवलीच्या मावशीआजीला येतात, रविवारी विचारून भरते.